बंद जागेत लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग: नको असलेला आवाज कसा टाळायचा, उरलेला कसा काढायचा

चतुर्थीचे दिवस, देवळाच्या सभामंडपात डबलबारी रंगलेली, आणि तुम्ही हौसेने ती बारी रेकॉर्ड केलीत. घरी येऊन हेडफोन लावले तर बुवांच्या आवाजाआधी ऐकू येतो तो पंखा. मग पत्र्यावरचा पाऊस, कोपऱ्यातल्या फ्रीजची घरघर, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी गाणं. कार्यक्रमात बसलेले असताना यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

असं होण्याचं कारण साधं आहे. आपले दोन कान आणि मेंदू मिळून हवं ते ऐकतात आणि नको ते मागे ढकलतात. माईकला ही निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते सगळं तो नोंदवतो.

या लेखात सिंधुदुर्गातली भजनं, सप्ताह, संगीत बैठका अशा बंद किंवा अर्धबंद जागेतल्या कार्यक्रमांचं उदाहरण घेऊन हा गोंगाट कुठून येतो, तो जागेवरच कसा थांबवायचा आणि जो उरेल त्याचं पुढे काय करायचं ते पाहू. महागड्या स्टुडिओची गरज नाही. एक साधा रेकॉर्डर, एक-दोन माईक आणि कार्यक्रमाच्या आधीचा अर्धा तास एवढं हाताशी आहे असं धरलं आहे.

## थोडक्यात उत्तर

गोंगाट कमी करायचे तीन टप्पे आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

1. आवाज जिथून येतो तिथेच बंद करा.
2. माईक गाणाऱ्याच्या जवळ न्या आणि त्याची पाठ गोंगाटाकडे करा.
3. एवढं करूनही जे उरलं ते सॉफ्टवेअरने थोडंसं कमी करा.

बहुतेक जण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात आणि तिथेच फसतात. सॉफ्टवेअर गोंगाटाबरोबर गाणंही खातं. ते का, हे पुढे येईलच.

## आधी एक चूक, माझीच

काही वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातल्या एका देवळात एका वयस्कर बुवांची बारी मी रेकॉर्ड केली होती. रेकॉर्डर खांबाच्या कठड्यावर ठेवला, बुवांपासून चांगला चार-पाच मीटर लांब. वर पंखा, बाहेर पाऊस. घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये नॉईज रिडक्शन पूर्ण ताकदीने लावलं. पंखा गेला, पाऊसही बराचसा गेला. मी खूश. तीच फाइल सेव्ह केली आणि कार्डवर जागा हवी म्हणून मूळ फाइल उडवली.

आठवड्याभराने नीट ऐकलं तर झांजेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडत होता, आणि बुवांच्या ओळींचे शेवटचे लांबवलेले सूर मध्येच कापले गेले होते. मूळ फाइल नव्हती. बुवांनी पुढे बारी करणं सोडलं. म्हणजे ती बारी आता त्याच रूपात उरली आहे, आणि ती तशी मी केली.

लाइव्ह कार्यक्रमाला दुसरा टेक नसतो. म्हणून पहिला नियम इथेच लिहून ठेवा: मूळ फाइल कधीही पुसायची नाही. सफाई नेहमी कॉपीवर करायची.

## गोंगाटाचे प्रकार ओळखा

सगळ्या गोंगाटाला एकच औषध नाही. आधी तो कुठल्या जातीचा आहे ते पाहा.

| आवाज | स्वभाव | खरा उपाय |
|---|---|---|
| पंखा, एसी | सतत, सगळ्या पट्ट्यांत पसरलेला | बंद करणं, माईक जवळ नेणं |
| पत्र्यावरचा पाऊस | सतत पण कमी-जास्त होणारा | जवळचे माईक, जागा बदलणं |
| ट्यूबलाइटचा चोक, फ्रीज, जनरेटर | खालच्या पट्टीतली घरघर | बंद करणं किंवा लांब नेणं |
| वायरीतून येणारं गुणगुणणं | ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत | वायरिंग सुधारणं |
| रातकिडे, बेडूक | वरच्या किंवा मधल्या पट्टीत, लयीत | त्या बाजूच्या खिडक्या लावणं, माईकची पाठ तिकडे करणं |
| समुद्राची गाज | हळू चढ-उतार, खोल | समुद्राकडची दारं-खिडक्या लावणं |
| मोबाईल, घंटा, खुर्च्या | अचानक, थोडा वेळ | आधी सांगून ठेवणं |
| सभागृहाचा घुमारा | गाण्याचाच उशिरा परतणारा आवाज | सतरंज्या, पडदे, माईक जवळ |

शेवटचा प्रकार, घुमारा, हा खरं तर गोंगाट नाही. पण शब्द अस्पष्ट करण्याचं काम तोही तितकंच करतो. गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती आणि लादी घातलेली जमीन असेल तर टाळी वाजवून बघा. टाळीची शेपटी लांबत असेल तर माईक आणखी जवळ न्यावा लागणार हे समजून चला.

## कार्यक्रमाच्या आधी: जागा ऐका

जागा बघायला सगळेच जातात, ऐकायला कमी लोक जातात. आणि जातात ते सकाळी अकराला. कार्यक्रम रात्री साडेनऊला असेल तर जागा रात्री साडेनऊलाच ऐकायला हवी. दिवसा रस्त्याच्या वर्दळीत गाज जाणवत नाही. रात्री गाव शांत झाला की देवबाग-तारकर्लीसारख्या किनारपट्टीवर तीच गाज खोलीत येऊन बसते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो तेव्हा तर जास्तच.

हे करून बघा:

- रेकॉर्डर जिथे ठेवणार तिथे ठेवा, हेडफोन लावा आणि आवाज बऱ्यापैकी वाढवा.
- दोन मिनिटं काही न बोलता रेकॉर्ड करा.
- आता एकेक वस्तू बंद करत जा: पंखा, ट्यूब, फ्रीज, पाण्याचा पंप. प्रत्येक वेळी काय फरक पडला ते लिहा.

तिसऱ्या पायरीतच बहुतेक गुन्हेगार सापडतात. माझ्या अनुभवात तो बऱ्याचदा कोल्ड्रिंकचा फ्रीज असतो. त्याचा कॉम्प्रेसर सारखा चालत नाही, मध्येच सुरू होतो, म्हणून पाहणीत सापडत नाही आणि नेमका संथ ओळीला जागा होतो. दोन तास बंद ठेवला तर आतलं सामान गार राहतं. मात्र झाकण उघडू नका असं सांगावं लागतं. आणि कार्यक्रम संपल्यावर तो परत चालू करायची जबाबदारी तुमची! त्यासाठी एक युक्ती: गाडीची चावी फ्रीजवर ठेवा. चावी घ्यायला जाल तेव्हा आठवेल.

मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारखं बंदिस्त नाट्यगृह आणि तीन बाजूंनी उघडा सभामंडप यांत तयारी वेगळी लागते. नाट्यगृहात बाहेरचा आवाज कमी, पण वातानुकूलन आणि लाइट्सचा जास्त. सभामंडपात उलट.

## जागेवरच थांबवता येणारे आवाज

पंखा. हा सगळ्यात मोठा शत्रू, आणि सगळ्यात नाजूक विषयही. भाद्रपदातल्या दमट हवेत पंखा बंद केलात की मागून आवाज येणारच, "अरे पंखो कित्याक बंद केलास? उकाड्यान जीव जाता!" लोकांचंही खरं आहे. म्हणून सगळे पंखे बंद करायचा हट्ट धरू नका. फक्त माईकच्या डोक्यावरचा बंद ठेवा आणि कलाकारांसाठी एक उभा पंखा लांबून, वारा माईकवर येणार नाही अशा बेताने, कमी वेगावर लावा. वारा थेट माईकवर आला तर भकभक असा वेगळाच आवाज येतो आणि तो नंतर निघत नाही. माईकला स्पंजची टोपी घाला, पण ती फक्त वाऱ्यासाठी आहे. पंख्याचा आवाज तिने कमी होत नाही.

पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भजनांचा मोठा हंगाम, श्रावणातले सप्ताह आणि चतुर्थी, नेमका त्यातच येतो. कौलारू छपराखाली पाऊस सहन होतो. पत्र्याच्या शेडमध्ये जोराची सर आली की ताशाच वाजतो. निवड हातात असेल तर कौलारू किंवा स्लॅबची जागा घ्या. पत्राच असेल तर त्यावर नारळाच्या झावळ्यांची झापं पसरून बांधली की थेंब सरळ पत्र्यावर आपटत नाहीत आणि पत्र्याची थरथरही दबते. आवाज पूर्ण जात नाही, पण त्याची धार जाते.

लाइट. जुन्या ट्यूबलाइटचा चोक १०० हर्ट्झवर गुणगुणतो. स्टेजवरच्या तेवढ्या दोन ट्यूब बंद करून साधे बल्ब लावा. डिमरवर चालणारे लाइट असतील तर त्यांची वायर माईकच्या वायरीपासून लांब ठेवा.

जनरेटर. लाइट जाणार हे गृहीतच धरा. जनरेटर शक्य तितका लांब, इमारतीच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत येईल असा ठेवा. त्याची खोल घरघर भिंतीने पूर्ण अडत नाही, त्यामुळे अंतर हाच मुख्य उपाय.

घंटा. देवळात येणारा प्रत्येक माणूस घंटा वाजवणार, तो त्याचा हक्कच आहे. गुरवांना किंवा मानकऱ्यांना आधी विचारा. त्यांची हरकत नसेल तर कार्यक्रमापुरतं घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळता येतं. हरकत असेल तर घंटा राहू द्या. ती त्या जागेचीच आहे.

मोबाईल. सुरुवातीला निवेदकाकडून एक वाक्य बोलवून घ्या: फोन सायलेंट नको, फ्लाइट मोडवर. सायलेंट फोनसुद्धा टॉवरशी बोलताना वायरीत टर्र-टर्र आवाज सोडू शकतो, विशेषतः जुन्या टूजी नेटवर्कवर. कलाकारांच्या खिशातले फोन आधी बघा. माईकच्या सगळ्यात जवळ तेच असतात.

## माईक जवळ न्या: अंतराचं गणित

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

आवाजाच्या स्रोतापासूनचं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. गोंगाट मात्र खोलीभर पसरलेला असतो, तो जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे:

- माईक ४ मीटरवरून २ मीटरवर आणला: गाणं ६ डेसिबलने पुढे.
- २ वरून १ मीटरवर: एकूण १२ डेसिबल.
- १ मीटरवरून अर्ध्या मीटरवर: एकूण १८ डेसिबल.

सॉफ्टवेअरने गाण्याला फारशी इजा न करता साधारण ६ ते १० डेसिबल गोंगाट कमी करता येतो. माईकचा स्टँड साडेतीन मीटर पुढे सरकवला तर फुकटात १८. माझ्या त्या फसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये रेकॉर्डर खांबावरून उचलून बुवांच्या पेटीसमोर ठेवला असता तर पुढचं काहीच करावं लागलं नसतं.

ही गोष्ट रेकॉर्डिंगइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. तोवर गाणाऱ्याला मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून गावं लागे, नाहीतर तबकडीवर काही उमटतच नसे. आपल्याकडे माईक आहे म्हणून आपण लांब बसायला मोकळे झालो, पण अंतराचा नियम तोच आहे.

## माईकची पाठ कुठे करायची

माईकचं तोंड कुठे ठेवायचं याचा विचार सगळे करतात. पाठ कुठे करायची याचाही करा.

शुअर एसएम५८ सारखा कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागून येणारा आवाज सगळ्यात कमी घेतो. खोलीत सगळीकडून येणाऱ्या गोंगाटापैकी तो सर्वदिशी माईकच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जाच पकडतो. म्हणून पंखा, खिडकी, किंवा कलाकारांसमोरचा स्पीकर त्याच्या सरळ पाठीमागे यायला हवा.

बीटा ५८ए सारखा सुपरकार्डिऑइड माईक बाजूचे आवाज आणखी कमी घेतो, पण सरळ पाठीमागून थोडं ऐकतो. त्याची सगळ्यात बहिरी जागा मागे तिरकी, समोरच्या दिशेपासून साधारण १२५ अंशांवर असते. दोन्ही माईकना एकच जागा दिली तर एकाची मेहनत वाया जाते.

आणखी एक: जितके माईक उघडे, तितका गोंगाट जास्त. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की मागचा गोंगाट सुमारे ३ डेसिबलने वाढतो. सहा जणांच्या कोरसला सहा माईक देऊ नका. दोन पुरतात. दोन माईक शेजारी असतील तर त्यांच्यातलं अंतर माईक ते गायक या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर आवाज पोकळ येतो.

भजनाच्या साथीसाठी साधारण मांडणी अशी:

- बुवा: तोंडापासून १०–१५ सेंटीमीटर, थोडा तिरका, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत.
- पेटी: पट्ट्यांच्या वर सुमारे ३० सेंटीमीटर. भात्याच्या बाजूला नको, तिथे हवेचा फुसफुसाट आणि लाकडाची कुरकुर येते.
- पखवाज किंवा मृदंग: एकच माईक असेल तर मध्यावर, फूटभर वर. दोन असतील तर दोन्ही तोंडांना एकेक.
- झांज: हिला वेगळा माईक नको. ती सगळ्यांच्या माईकमध्ये आपणहून येते. उलट झांजवाल्या भाऊंना विनंती करून बुवांच्या माईकपासून थोडं मागे बसवा.

माईकचा स्टँड थेट लाकडी स्टेजवर ठेवला तर पायाने धरलेला ठेका खालून धडधड येतो. स्टँडखाली घडी घातलेलं गोणपाट किंवा जाड सतरंजी घाला.

## साऊंडवाल्याची लाइन घ्यावी का?

घ्यावी, पण फक्त तीच नको. मिक्सरमधून मिळणारा आवाज स्वच्छ असतो, कारण तो जवळच्या माईकमधून आलेला असतो. पण साऊंडवाला मिक्स करतो ते त्या सभामंडपासाठी. झांज आणि मृदंग मुळातच मोठे, म्हणून मिक्सरवर ते खाली असतात. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मग नुसता बुवांचा आवाज येतो, बाकी सगळे शेजारच्या घरात बसल्यासारखे.

उत्तम मार्ग दोन्हींचा. मिक्सरची लाइन एका ट्रॅकवर, आणि स्टेजसमोर दीड-दोन मीटरवर स्टिरिओ माईक दुसऱ्या ट्रॅकवर. नंतर मिक्सरची लाइन मुख्य ठेवून जागेचा माईक हवा तेवढाच मिसळायचा. पाऊस वाढला की जागेचा माईक खाली, थांबला की वर.

यात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. माईक १० मीटर मागे असेल तर त्याचा आवाज जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा येतो आणि दोन्ही एकत्र केल्यावर गिचमिड होते. सुरुवातीला स्टेजवर, गाण्याच्या माईकसमोर एक जोरदार टाळी वाजवून ठेवा. एडिटिंगमध्ये दोन्ही ट्रॅकवरची टाळी जुळवली की काम झालं. दुसरी, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड केलं तर तास-दीड तासात ती एकमेकांपासून सरकतात. एकाच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर घेतलं तर हा त्रास नाही.

## वायरीतून येणारं गुणगुणणं

खोली शांत आहे, तरी हेडफोनमध्ये 'हूं' ऐकू येतंय? मग हा आवाज हवेतून आलेला नाही, वायरीतून आला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाज ५०, १००, १५० अशा पटीत असतो. मिक्सर आणि रेकॉर्डर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं आणि त्यातून हे शिरतं.

क्रमाने करून बघा:

1. रेकॉर्डर बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालवा. लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेक वेळा इथेच प्रश्न सुटतो.
2. नाहीच जमलं तर मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच बोर्डावरून चालवा.
3. साध्या आरसीए किंवा एका पिनच्या वायरीऐवजी एक्सएलआरची संतुलित वायर वापरा.
4. माईकच्या वायरी वीजेच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.
5. तरी राहिलं तर डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये लावा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: प्लगची अर्थिंगची पिन काढणं किंवा तिला टेप गुंडाळणं. गुणगुणणं जाईलही, पण पावसाळ्यातली ओली लादी, अनवाणी पाय आणि हातात लोखंडी माईक अशा वेळी तीच पिन माणसाचा जीव वाचवते.

## रेकॉर्डरची सेटिंग

- २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपीथ्री नंतर बनवता येते.
- लेव्हल: सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास यावा. साऊंड चेकला बुवा हळू गातात, गजरात तेच दुप्पट जोराने गातात. जागा सोडून ठेवा.
- ऑटो लेव्हल बंद. ही चालू असेल तर गाणं थांबलं की यंत्र आपणहून संवेदनशीलता वाढवतं आणि पंखा फुगून वर येतो. पुढची ओळ सुरू झाली की परत खाली. हे उसासे नंतर काढता येत नाहीत.
- लो-कट: गाण्याच्या माईकला ८० हर्ट्झच्या आसपास चालेल. पखवाजाच्या माईकला नको, त्याचा धुमारा तिथेच असतो.

३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आता मिळतात. त्यांचा फायदा एवढाच, की आवाज अचानक मोठा झाला तरी फाटत नाही. गोंगाट त्याने रतीभरही कमी होत नाही.

फक्त मोबाईलच असेल तर? चालेल. फोन खांबावर नको, कलाकारांसमोर मीटरभरावर छोट्या स्टँडवर ठेवा. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये नॉईज सप्रेशन आणि ऑटो गेन असेल तर बंद करा. या सोयी बोलण्यासाठी बनवलेल्या असतात. पेटीचा लांब सूर त्यांना गोंगाटच वाटतो.

## नंतरची सफाई: सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घेऊ. त्यात नॉईज रिडक्शन दोन पायऱ्यांत चालतं. आधी तुम्ही नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा निवडून दाखवता. सॉफ्टवेअर त्याचे शेकडो बारीक पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्यात गोंगाट किती आहे ते नोंदवतं. मग पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये ज्या पट्ट्यातला आवाज त्या पातळीच्या आसपास किंवा खाली असेल, तो पट्टा ते दाबतं.

आता अडचण बघा. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने गोंगाट म्हणजे स्थिर आणि हळू असलेला आवाज. तानपुराही तसाच. पेटीचा धरून ठेवलेला षड्जही तसाच. ओळीच्या शेवटी विरत जाणारा सूर तर हळूच होत जातो. सॉफ्टवेअर पंखा आणि तानपुरा यांत भेद करू शकत नाही. पावसाचं आणखी वाईट. पाऊस आणि झांज दोन्ही वरच्या पट्ट्यांत पसरलेले, खसखसणारे आवाज. पाऊस काढायला गेलात की झांज निघून जाते, आणि जी उरते ती बुडबुडते. माझं झालं ते हेच.

म्हणून सफाई अशी करा:

1. कार्यक्रम सुरू होण्याआधी, माणसं बसलेली, पंखे चालू, सगळी सेटिंग तीच, असं ३० ते ६० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. यात तानपुरा किंवा पेटीचा सूर नको. हाच तुमचा नमुना. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आधीच लावून ठेवायची सवय असते, तेव्हा मिनिटभर थांबायला सांगा.
2. आधी ५० हर्ट्झचं गुणगुणणं वेगळं काढा. नॉच फिल्टरने ५०, १००, १५० एवढेच बारीक पट्टे कमी होतात आणि गाण्याला फारसा धक्का लागत नाही.
3. नॉईज रिडक्शन एका दमात २० डेसिबल लावू नका. ६ पासून सुरू करा, फार तर १० पर्यंत जा.
4. 'रेसिड्यू' हा पर्याय निवडून काढला जाणारा आवाज ऐका. त्यात नुसता पंखा असेल तर ठीक. त्यात बुवांचे शब्द किंवा झांज ऐकू आली तर तुम्ही गाणं कापताय. मागे या.
5. संपूर्ण बारीला एकच मात्रा नको. गोंगाट जाणवतो तो संथ सुरुवातीला आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत. गजरात पखवाज, झांज आणि कोरस मिळून पंख्याला आपणहून झाकून टाकतात. तिथे सॉफ्टवेअर लावूच नका.
6. एखादी घंटा, खोकला किंवा फोन असेल तर पूर्ण रेकॉर्डिंगला हात न लावता तेवढाच तुकडा दुरुस्त करा. आयझोटोप आरएक्स सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं चित्र दिसतं आणि त्यातला तेवढाच डाग पुसता येतो.

आवाज 'सुधारून' देणाऱ्या नव्या एआय सेवांबद्दल सावध राहा. बोलण्यासाठी बनवलेल्या सेवा भाषण उत्तम साफ करतात. पण त्यांना माणसाचा बोलण्याचा आवाज तेवढा ठेवायला शिकवलेलं असतं. भजन दिलंत तर साथ गायब होते आणि गमका सपाट होतात.

## काय काढू नये

सगळाच पाठीमागचा आवाज गोंगाट नसतो. चांगल्या जागेवर आलेली दाद, दुसऱ्या बुवांच्या बाजूने उठलेला हशा, मध्येच जाहीर झालेलं १०१ रुपयांचं बक्षीस आणि त्यावर बुवांनी दिलेलं उत्तर, हे डबलबारीचं अंग आहे. हे काढलंत तर उरतं ते नुसतं गाणं, बारी नाही. म्हणून श्रोत्यांकडे तोंड केलेला एक वेगळा माईक ठेवता आला तर बरं. दाद लागेल तिथे तो वर घ्यायचा.

थोडा पंखा राहिला तरी ऐकणारा दोन मिनिटांत विसरतो. कापलेला सूर मात्र प्रत्येक वेळी टोचतो. शंका आली तर गोंगाट राहू द्या, सूर वाचवा.

## कार्यक्रमाच्या दिवशीची तपासयादी

- जागा त्याच वेळेला ऐकून झाली का?
- माईकवरचा पंखा, फ्रीज, पंप, चोक बंद? गाडीची चावी फ्रीजवर?
- माईक जवळ? पाठ गोंगाटाकडे?
- स्टँडखाली सतरंजी?
- रेकॉर्डर बॅटरीवर? जादा सेल आणि मोकळं कार्ड?
- ऑटो लेव्हल बंद? काटा उणे १२ वर?
- कलाकारांचे फोन फ्लाइट मोडवर?
- सुरावटीशिवाय मिनिटभराचा नमुना घेतला?
- टाळी वाजवली?
- घरी आल्यावर मूळ फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी?

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुनं, खराब रेकॉर्डिंग आहे. काही होईल का?
थोडं होईल. मूळ फाइल किंवा कॅसेट जपून ठेवा, कॉपीवर ५-६ डेसिबल एवढीच सफाई करा. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी सुधारतं. आज निघत नाही ते उद्या निघू शकेल, पण फक्त मूळ प्रत जागेवर असेल तर.

महागडा माईक घेतला तर गोंगाट कमी होईल का?
नाही. महागडा माईक लांब ठेवला तर तो पंख्याचा आवाज जास्त चांगला रेकॉर्ड करील. आधी स्टँड आणि लांब वायर घ्या.

भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावून बाहेरचा आवाज थांबतो का?
नाही. फोमने आतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. अंड्यांच्या ट्रेने दोन्ही होत नाही. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत आणि बंद खिडकी लागते. जांभ्याची जाड भिंत तुमच्याकडे आधीच आहे, तेव्हा लक्ष दारं-खिडक्यांकडे द्या.

संयोजक म्हणतात, माईक बुवांसमोर ठेवला तर फोटोत चांगलं दिसत नाही.
फोटो एकदाच बघितला जातो. बारी पुन्हा पुन्हा ऐकली जाते. एवढं सांगून बघा, बहुतेक वेळा ऐकतात.